जोत्याच्या वर चढलेली माती

आमचं घर देहूत माळवाडीला आहे. एक गुंठा जागा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यात दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे सात फुटांची मोकळी पट्टी आणि वर गच्ची. २०१८ च्या मे महिन्यात आम्ही इथं राहायला आलो. हे चाकणच्या एका कंपनीत आहेत. मोटारसायकलवरून इंद्रायणीचा पूल ओलांडून येलवाडी, खालुंब्रे करत जातात. त्याआधी नऊ वर्षं चिखलीत भाड्याच्या एका खोलीत काढली. तिथं खिडकीत तुळशीचं एक रोप होतं, तेवढंच माझं अंगण.

मी लातूरकडची, औसा तालुक्यातली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडं पाणी म्हणजे अडवायची गोष्ट. भांडी विसळलेलं पाणी अळूला, तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला. पडलेलं पाणी बांधाच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. इथं मावळातला पाऊस शेजारी आहे, हा विचार माझ्या मनात आलाच नाही.

पहिल्या वर्षी मागच्या पट्टीत काहीच उगवलं नाही. सगळा मुरूम होता. मग २०१९ च्या फेब्रुवारीत दोन ट्रॉल्या काळी माती आणली. ट्रॅक्टरवाल्यानं फाटकात ओतली आणि ती घमेल्यानं मागे नेता नेता चार दिवस गेले. माती जास्त झाली. टाकायची कुठं? मी ती घराच्या मागच्या भिंतीला लावून घेतली, चांगली दीड फूट उंच. बाहेरून सगळीकडून विटांचा बांध घातला, पाणी वाहून जाऊ नये म्हणून. वाफा दिसायला फार छान झाला होता. मी त्याचा फोटो काढून माहेरी पाठवला.

गच्चीवर रंगाचे वीस लिटरचे बत्तीस डबे ठेवले. जुन्या रंगाच्या दुकानातून पंधरा-वीस रुपयांना एक असे मिळाले. प्रत्येकाच्या बुडाला भोकं पाडली आणि खाली ताटली ठेवली. गच्चीचं पाणी जायला दोन भोकं आहेत, एक जिन्याकडं, एक टाकीच्या कोपऱ्यात. टाकीकडच्या भोकातून मातीचं पाणी खाली येऊन शेजाऱ्यांच्या भिंतीवर ओघळ पडायला लागले. त्यांनी काही म्हणायच्या आधीच मी भोकात चिंधीचा बोळा कोंबला आणि वर वीट ठेवली. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंही नव्हतं.

उन्हाळा मजेत गेला. पुदिना, कोथिंबीर, चवळी, मागे दोडका आणि कारली. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांनी गच्चीच्या उरलेल्या जागेत कुरडया घातल्या. कुंड्यांची सावली वाळवणावर पडते म्हणून आमची रोज थोडी बोलाचाली व्हायची, एवढाच काय तो त्रास.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. २४ जूनला तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान होतं. गावाकडच्या दिंडीतली नऊ माणसं आमच्याकडं मुक्कामाला होती. मागच्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या. जमीन कोरडी ठणठणीत होती, हे मला नीट आठवतं, कारण पुढं महिनाभरानं त्याच जागी पाय ठेवला आणि गार लागलं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मागच्या भिंतीच्या खालच्या कडेला पांढरी पूड दिसली. मला वाटलं रांगोळी सांडली असेल. पुसली. दोन दिवसांत परत आली. बोटानं चाखली तर खारट. गावाकडं याला लोणा म्हणतात, ते आत्याबाईंनीच ओळखलं. मग रंगाला फुगे आले, पोपडे सुटले. त्याच भिंतीवर देव्हारा होता. विठ्ठलाच्या तसबिरीच्या काचेच्या आतून पाणी सुटलं. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, पण देव्हारा उचलून समोरच्या खोलीत शिलाई मशीनवर ठेवला. ते मला फार लागलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तर कहरच झाला. ४ तारखेच्या आसपास सगळ्या पुणे जिल्ह्यात नद्या फुगल्या होत्या. इंद्रायणीलाही पूर होता. आमचं घर उंचावर आहे, पाणी आमच्यापर्यंत आलं नाही. पण आम्ही सगळं त्या पुरावर ढकललं. नदी भरली म्हणून जमिनीतून ओल चढतेय, पूर ओसरला की उतरेल, असं हे म्हणाले आणि मलाही ते सोयीचं वाटलं. त्यात पंधरा दिवस फुकट गेले.

मग टाकीच्या कोपऱ्याखाली स्लॅब गळायला लागला. आधी डाग, मग थेंब, मग परात आणि दोन पातेली. एका रात्री मी फ्रिजला हात लावला आणि झिणझिण्या आल्या. मागच्या भिंतीतला बोर्ड ओला झाला होता. ह्यांनी लगेच मेन स्विच बंद केला. दुसऱ्या दिवशी वायरमननं तो बोर्ड तोडून दुसऱ्या भिंतीवर घेतला आणि करंट उतरला की आपोआप बंद पडणारा स्विच बसवला. बाकी सगळं एकवेळ थांबेल. भिंतीला ओल दिसली आणि त्या भिंतीत बोर्ड असेल, तर आधी वायरमनला बोलवा. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. फ्रिज तिच्या हाताला लागला असता तर, हे मनात आलं की अजून पोटात कालवतं.

त्याच आठवड्यात आशाताई तपासणीला आल्या. गच्चीवर जाऊन त्यांनी माझ्या ताटल्यांवर बॅटरी मारली. नऊ ताटल्यांमध्ये अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे डास होतात, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. नदीवर जलपर्णी असते, त्यामुळं डास होतात, असं आम्ही सगळे म्हणत होतो. माझ्याच गच्चीवर मी पाळत होते, याची मला लाज वाटली. त्या दिवशी सगळ्या ताटल्या काढल्या. तेव्हापासून दर रविवारी आमच्याकडं कोरडा दिवस असतो. पिंप, बादल्या, फ्रिजमागचा ट्रे, सगळं रिकामं करून घासून वाळवायचं. नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. टाकीला झाकण आणि हवेच्या पाइपला बारीक जाळी लावली.

आता मुख्य चुकीकडं येते. ह्यांनी एका संध्याकाळी ठरवलं की उद्या सकाळी गच्चीवर जाऊन गळती शोधायची. मला रात्रभर झोप लागली नाही. पहाटे पाचला उठले, पावसात वर गेले, वीट बाजूला केली आणि बोळा ओढून काढला. भोकातून पाणी जाताना जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. घोट्याच्या वर पाणी होतं त्या कोपऱ्यात. किती दिवस साठलं होतं कोण जाणे. हे सकाळी वर गेले तेव्हा गच्ची रिकामी होती. त्यांना काहीच सापडलं नाही. ते म्हणाले, स्लॅबच कच्चा पडला असणार. मी गप्प राहिले.

त्या गप्प राहण्याचा खर्च पुढं झाला. पाऊस त्या वर्षी थांबतच नव्हता, ऑक्टोबरातही पडत होता. गणपतीनंतर चार दिवस ऊन पडलं, तेवढ्यात आम्ही दुकानातून ओल बंद करणारा रंग आणला आणि मागची भिंत आतून रंगवली. मजुरीसकट साडेसहा हजार गेले. दिवाळीत, अभ्यंगस्नानाच्या सकाळी, त्या रंगाचा हातरुमालाएवढा पापुद्रा आपोआप सुटून खाली पडला. मागे पाण्याचे थेंब होते. पाणी बाहेरून येत होतं आणि आम्ही आतून दार लावलं होतं. त्या भिंतीचं पाणी मग वर चढलं. आधी ओल गुडघ्याएवढी होती, ती कमरेपर्यंत गेली.

जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या काकांनी एक वयस्कर गवंडी आणले. त्यांनी आत येऊन भिंत पाहिलीच नाही. आधी घराला बाहेरून एक चक्कर मारली. मागच्या वाफ्यापाशी थांबले आणि विचारलं, "वहिनी, जोतं कुठाय तुमचं?"

मला उत्तर देता येईना. त्यांनी कुदळीनं भिंतीलगतची माती ओढली. माझ्या मातीच्या पातळीपासून जोत्याची कड बरोबर नऊ इंच खाली सापडली. घर बांधताना जोत्यावर सिमेंटचा एक थर देतात, जमिनीतली ओल तिथं अडावी म्हणून. मी त्या थराच्या वर नऊ इंच ओली माती भिंतीला टेकवून ठेवली होती. ओल त्या थराला वळसा घालून सरळ विटेत शिरत होती. त्यात काळी माती. मुरुमातून पाणी निथळून जातं, काळी माती ते आठवडेच्या आठवडे धरून ठेवते. आणि वाहून जायला नको म्हणून बांध मीच घातलेला.

मग ते गच्चीवर गेले. टाकीचा कोपरा पाहून म्हणाले, इथं पाणी तुंबलं होतं का कधी? हे म्हणाले, नाही. तेव्हा मी सांगितलं. बोळ्याचं, विटेचं, पहाटेचं, सगळं. हे माझ्याकडं बघत राहिले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, ऑगस्टमध्येच सांगितलं असतंस तर?" मी तिथंच कठड्यावर बसून रडले.

गवंडीकाकांनी काम घाईनं केलं नाही, हे त्यांचं मोठेपण. आधी भिंतीवर पेन्सिलीनं ओलीच्या वरच्या कडेला रेघ मारायला लावली आणि शेजारी तारीख. दर पंधरा दिवसांनी नवी रेघ. ओल चढतेय की उतरतेय हे डोळ्याला कळत नाही, रेघेला कळतं. दुसरं, समोरच्या खोलीत एके ठिकाणी बुरशी होती, तिथं प्लॅस्टिकचा हातभर चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर चिकटवला. दोन दिवसांनी पाहिलं तर पाणी प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला होतं, भिंतीकडची बाजू कोरडी. म्हणजे ती ओल भिंतीतली नव्हती. आम्ही पावसाळाभर त्या खोलीत दारं-खिडक्या लावून कपडे वाळत घालत होतो, ती वाफ होती. तिथं काही तोडावं लागलं नाही. खिडकी उघडी ठेवली आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलं.

मागच्या खोलीचं खालचं चार फूट प्लास्टर फोडलं आणि वीट उघडी ठेवली. मी विचारलं, नवीन कधी करायचं? म्हणाले, एक पावसाळा जाऊ दे. वर्षभर उघड्या विटांच्या खोलीत राहायचं माझ्या जिवावर आलं होतं. लोणा पाण्यानं धुवायचा नाही, कोरड्या ब्रशनं झाडायचा आणि ती पूड घराबाहेर टाकायची. धुतला की मीठ परत विटेत जातं. मी आधी रोज ओल्या फडक्यानं पुसत होते.

गच्चीवर पाण्याची नळी लावून लेव्हल पाहिली. टाकीच्या कोपऱ्यात पाऊण इंचाचा खोलगट भाग निघाला. तेवढा भाग खरवडून ढाळ नीट केला आणि कठडा व गच्ची मिळतात तिथं सिमेंटची गोलाई दिली. भोकाला घुमटासारखी उंच जाळी बसवली. सपाट जाळीवर एक पान पडलं तरी ती बंद होते. मग दोन्ही भोकं मुद्दाम बंद करून दोन दिवस पाणी कोंडून पाहिलं. खाली एक थेंब नाही. सगळं मिळून अडतीस हजार लागले. त्यातले वीस हजार सोसायटीतून उचलले होते.

माती काढायचं काम मात्र आम्हीच केलं, ते टाळेबंदीत. ११ मार्चला तुकाराम बीज झाली आणि दोन आठवड्यांत सगळं बंद. ह्यांची कंपनी बंद, पगाराचं काय ते कळेना. हातात काम होतं म्हणून निदान दिवस गेले. भिंतीपासून दोन फूट माती पूर्ण काढली, जोत्याच्या सहा इंच खालपर्यंत. तिथं बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन खडी पसरली. वाफा पट्टीच्या मधोमध घेतला, मागच्या कुंपणाच्या भिंतीपासूनही एक फूट सोडून, कारण त्या भिंतीपलीकडं दुसऱ्याचं घर आहे. वाफा आता जेमतेम तीन फूट रुंद आहे. बांध काढून टाकला. त्याऐवजी वाफा वीतभर उंच आणि कडेनं चर.

डब्यांचंही सगळं बदललं. मातीनं भरलेला डबा पाणी घातल्यावर पंचवीस किलोच्या खाली नसतो. बत्तीस डबे म्हणजे आठशे किलो, आणि मी ते गच्चीच्या मधोमध मांडले होते. आता अठराच ठेवले आहेत, तेही खालच्या भिंतींच्या रेषेवर, दोन-दोन विटांवर उचलून. खालून झाडू फिरला पाहिजे. मातीही निम्मीच, बाकी पालापाचोळा, शेणखत आणि भाताचं तूस. मावळात भाताच्या गिरण्या आहेत, तिथून पोतंभर तूस ह्यांचे एक मित्र आणून देतात. आत्याबाईंना वाळवणाला अख्खी मधली जागा मिळाली.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. सकाळपासून सांगत होते, तरी मला वाटलं ते कोकणात, इथं काय. दुपारी वारा असा सुटला की दोडक्याचा बांबूचा मांडव हिरव्या जाळीसकट उचलला गेला. पपई मधोमध मोडली. पाच डबे लोळले, एक शेजाऱ्यांच्या पत्र्यावर जाऊन आदळला. नशिबानं कुणाला लागलं नाही. मावळात तर फुलांची पॉलिहाऊसं फाटून गेली होती, त्यापुढं आमचं काहीच नाही. पण वादळाची सूचना आली की कठड्याजवळचं सगळं खाली घ्यायचं आणि जाळी सोडून ठेवायची, हे तेव्हा कळलं. शेजाऱ्यांचा पत्रा भरून दिला.

वादळात झाडांचा पाला उडून आमच्या गच्चीवर आला होता. अंधार पडायच्या आत आम्ही दोघं वर गेलो आणि जाळ्यांभोवतीचा पाला हातानं काढला. खाली आल्यावर मी पहिल्यांदा मागच्या भिंतीला तळवा लावला. कोरडी होती. त्या रात्री चार वेळा उठून लावला.

१२ जूनला प्रस्थान झालं, पण पालखी पायी निघाली नाही. पादुका देहूतच होत्या, ३० तारखेला एसटीनं पंढरपूरला गेल्या. आम्ही सवयीनं फाटकात वारकऱ्यांसाठी पाण्याचं पिंप भरून ठेवलं होतं. संध्याकाळी आत्याबाईंनी ते तांब्यातांब्यानं तुळशीला आणि वाफ्याला घातलं.

त्या पावसाळ्यात गोगलगायी फार झाल्या. खडीखाली आणि विटांखाली ओलावा असतो, तिथं बसतात. पावट्याची रोपं एका रात्रीत देठापर्यंत खाल्ली. मीठ मातीत टाकू नका, माती बिघडते आणि आमच्यासारखी भिंत असेल तर लोणा वाढतो. जुनं गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाकायचं. सकाळी खाली जमलेल्या असतात. हातमोजे घालून उचलायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. पहिल्या दिवशी एकशे चाळीस निघाल्या. मला ते आवडत नाही, अजूनही आवडत नाही. तीन आठवड्यांनी आठ-दहावर आल्या. मग पावटा परत लावला. थंडीत त्याच्या शेंगा इतक्या आल्या की आत्याबाईंनी गावाकडं डबा पाठवला.

लावणीचा क्रमही तेव्हापासून बदलला. पावसाळ्यात डब्यांत पालेभाजी लावत नाही, कुजते. अळू, गवती चहा आणि हळद तेवढी मागे ठेवते. मोठी लावणी नवरात्रानंतर. मेथी, पालक, मुळा, पावटा, टोमॅटो हे इथल्या थंडीत उत्तम येतात. पाणी नळाचंच घालते. नदी इतक्या जवळ आहे, पण तिचं पाणी भाजीला घालायची हिंमत होत नाही. आळंदीकडं त्यावर पांढरा फेस येतो, तो सगळ्यांनी पाहिला आहे. आत्याबाई एकादशीला नदीवर जाऊन हात जोडतात आणि तांब्या रिकामा घेऊन परत येतात.

भिंतीवरच्या रेघा खाली खाली येत गेल्या. जानेवारी २०२० ची कमरेला होती. जूनमध्ये गुडघ्याला. पावसाळ्यात चार बोटं वर चढली तेव्हा माझा जीव गेला होता, पण गवंडीकाका म्हणाले, थांबा. दिवाळीनंतर रेघ जमिनीपासून वीतभरावर आली आणि जानेवारी २०२१ मध्ये मारायला ओलच उरली नाही. फेब्रुवारीत चार फूट प्लास्टर केलं, महिनाभर वाळू दिलं आणि वर साधा चुना लावला. महागडा रंग लावला नाही.

३० मार्चला बीज होती. गावात दरवर्षीची गर्दी नव्हती. दुपारी बारा वाजता आत्याबाईंनी घरातूनच मंदिराच्या दिशेनं फुलं टाकली आणि ह्यांना म्हणाल्या, आता देव्हारा लाव. ह्यांनी शिलाई मशीनवरून देव्हारा उचलून मागच्या भिंतीवर लावला. मागे लाकडाच्या दोन पट्ट्या ठोकल्या आणि भिंतीपासून एक इंच सोडलं.